रेईश मागुशच्या किल्ल्यावरील इतिहास आणि भूतकथांची पायी फेरी: दोन वेळच्या अनुभवाचे परीक्षण

पणजीच्या धक्क्यावरून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत उभे राहिले की डाव्या हाताला, मांडवीच्या उत्तर काठावरच्या टेकडीवर, जांभ्या चिऱ्यांचा एक आटोपशीर किल्ला दिसतो. आग्वादइतका त्याचा पसारा नाही आणि शापोऱ्याइतकी गर्दीही तिथे होत नाही. हा रेईश मागुशचा किल्ला, त्याच्या पायथ्याची इगर्ज (चर्च) आणि वेऱ्याचा नदीकाठ मिळून सुमारे तीन तासांची एक पायी फेरी एका खासगी संस्थेतर्फे घेतली जाते, आणि किल्ल्याचा इतिहास व त्याच्या भूतकथा असे तिचे स्वरूप जाहिरातीत सांगितलेले असते. ही फेरी मी दोनदा केली. पहिल्यांदा मे महिन्याच्या अखेरीस नववीतल्या भाच्याला घेऊन गेले आणि दुसऱ्यांदा नोव्हेंबरमध्ये वडिलांसोबत. पहिल्या वेळी मी इतकी अस्वस्थ होऊन परतले की या विषयावर काही लिहायचेच नाही असे ठरवले होते. दुसऱ्या वेळी जे पाहिले आणि ऐकले त्यामुळे लिहिणे आवश्यक वाटले. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशा फेऱ्या आता गोव्यात अनेक जण घेतात आणि माझे म्हणणे त्या सगळ्यांसाठीच आहे.

व्यवहाराच्या गोष्टी आधी सांगते. माणशी बाराशे रुपये घेतले गेले आणि किल्ल्याचे प्रवेशतिकीट त्यात धरलेले नव्हते, हे तिथे पोहोचल्यावर कळले. दुपारी साडेतीनची वेळ दिलेली असताना मे महिन्यातील फेरी सव्वाचारला सुरू झाली. किल्ला संध्याकाळी बंद होत असल्याने या उशिराची भरपाई शेवटी होत नाही. आतला वेळ तेवढा कमी होतो. नोंदणी करताना मराठीतून माहिती मिळेल असे सांगितले होते, प्रत्यक्षात एकवीस जणांच्या त्या गटात मार्गदर्शक हिंदी आणि इंग्रजीतून बोलत राहिला, आणि आम्ही मराठी ऐकणारे सहा जण मागे पडून त्याने नंतर दिलेल्या दोन-तीन वाक्यांवर समाधान मानत राहिलो. नोव्हेंबरमध्ये गट बारा जणांचा होता, सुरुवात वेळेवर झाली आणि मराठी गट वेगळा केलेला होता. या एका बदलाने फेरीचा निम्मा कस वाढला, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

मार्गदर्शक मात्र दोन्ही वेळी तोच होता, तिशीच्या आतला, इथल्याच बार्देश तालुक्यातला तरुण, आणि त्याचे किल्ल्यावर मनापासून प्रेम आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळते. किल्ल्याच्या जागेची निवड त्याने ज्या पद्धतीने समजावली तिला तोड नाही. तटावर उभे करून त्याने आम्हांला आधी काहीही न सांगता नदीकडे पाहायला लावले. मांडवीचे पात्र या ठिकाणी आवळत येते. जुन्या गोव्याकडे जाणाऱ्या प्रत्येक गलबताला या चिंचोळ्या भागातून जावे लागत असे आणि समोरच्या काठावर, आजच्या मिरामारला, गास्पार दियशचा किल्ला होता. दोन्ही काठांवरील तोफांच्या माऱ्यातून सुटून कोणाला वर जाता येणार नाही, अशी ही रचना आहे. १५५१ मध्ये पोर्तुगिजांनी रेईश मागुशचे काम सुरू केले. आग्वादचा किल्ला त्यानंतर साठेक वर्षांनी, १६१२ मध्ये पुरा झाला आणि खाडीच्या तोंडाचा पहारा त्याच्याकडे गेला. तरीही रेईश मागुशचे महत्त्व संपले नाही. १७०७ मध्ये त्याची मोठी पुनर्बांधणी झाली. लिस्बनहून येणारे आणि तिकडे परतणारे व्हाइसरॉय, त्यांचे सरदार, अधिकारी यांचा मुक्काम इथे पडत असे. १७३९ मध्ये मराठ्यांनी दक्षिण गोव्यातील सासष्टीत आणि सावंतवाडीकरांनी बार्देशात मुसंडी मारली तेव्हा बार्देश जवळजवळ सगळा हातचा गेला, पण आग्वाद आणि रेईश मागुश हे दोन किल्ले पोर्तुगिजांकडे राहिले.

हे सांगताना मार्गदर्शकाने मराठ्यांच्या बाजूने किंवा पोर्तुगिजांच्या बाजूने आवेशाचा एकही शब्द उच्चारला नाही, हे मला फार आवडले. बार्देशातील कुणबी, गावकार, पाद्री, भट यांचे त्या दोन वर्षांत काय झाले असेल, असा प्रश्न त्याने तटावर उभ्या असलेल्या आम्हां सगळ्यांना विचारला आणि उत्तराची घाई केली नाही. बार्देश १७४१ मध्ये पुन्हा पोर्तुगिजांकडे गेले, एवढे सांगून तो पुढच्या बुरुजाकडे वळला.

मुख्य दरवाजाच्या आत डोक्यावर एक छिद्र आहे. दरवाजा फोडून कोणी आत शिरलाच तर त्याच्यावर उकळते तेल ओतण्यासाठी ते ठेवलेले होते. भाचा त्या छिद्राखाली बराच वेळ मान वर करून उभा राहिला. किल्ल्याचे स्थापत्य मुलांना समजावण्याचा याहून चांगला धडा नाही, कारण इथे भिंतीची जाडी, वळण घेत वर जाणारी वाट आणि वरचे ते भोक यांचा एकमेकांशी असलेला संबंध शरीराला कळतो. त्यानंतर मार्गदर्शक म्हणाला की या छिद्राखाली अमावस्येच्या रात्री किंकाळ्या ऐकू येतात. आधीच्या नेमक्या माहितीनंतर हे वाक्य आल्याबरोबर गटातील लोकांच्या चेहऱ्यावरचे लक्ष बदलले. जे इतका वेळ भिंत पाहत होते ते आता एकमेकांकडे पाहू लागले.

मला भूतकथांचे वावडे नाही. मी डिचोली तालुक्यात वाढले, जिथे संध्याकाळी सातनंतर अमुक वडाखालून जाऊ नये असे सांगितलेले प्रत्येक मूल ऐकते आणि पाळते. हडळ, आलवंतीण, मुंजा, समंध, खवीस ही नावे आमच्या आजीच्या तोंडी भाजीपाल्याच्या नावांइतकी सहज होती. त्या प्रत्येकाची एक जागा असते, एक कारण असते आणि त्याच्यापुरती एक वागण्याची रीत असते. बाळंतपणात गेलेली बाई आलवंतीण होते, मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा होतो. म्हणजे गावाला ज्या मृत्यूंची चुटपुट लागून राहते त्यांचीच ही नावे आहेत. किल्ल्यावर ऐकलेल्या किंकाळीला मात्र नाव नव्हते आणि गावही नव्हते. तीच किंकाळी कोणत्याही किल्ल्याच्या कोणत्याही दरवाजाखाली नेऊन ठेवता येते, आणि तशी ती ठेवली जाते. पहिल्या फेरीत पांढऱ्या कपड्यातला पहारेकरी, बुरुजावरचा दिवा, मध्यरात्रीची पावले अशा पाच-सहा गोष्टी सांगितल्या गेल्या आणि त्यांपैकी एकीतही वेरे, नेरूल किंवा कांदोळी या आसपासच्या गावांतील माणसाचा, देवाचा किंवा झाडाचा उल्लेख नव्हता.

माझ्या तक्रारीचे मूळ याच ठिकाणी आहे, पण ती तीव्र झाली ती कोठड्यांमध्ये. रेईश मागुशचा किल्ला पुढे तुरुंग झाला आणि १९९३ पर्यंत तुरुंगच होता. म्हणजे ज्या खोल्यांत आज आपण तिकीट काढून फिरतो तिथे माणसे कोंडलेली असल्याला अजून फार काळ लोटलेला नाही. तुरुंग बंद झाला त्या वर्षी जन्मलेले लोक आज चाळिशीतही पोहोचलेले नाहीत. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना इथे ठेवले गेले आणि त्यांच्या आठवणीचे दालनही किल्ल्यात आहे. मे महिन्यातल्या फेरीत एका कोठडीत आम्ही सगळे शिरल्यावर अचानक एका पुरुषाच्या कण्हण्याचा आणि साखळी घासल्याचा आवाज झाला. मार्गदर्शकाच्या खिशात एक लहानसा ध्वनिवर्धक होता आणि त्यावर ध्वनिमुद्रण वाजत होते. काही मुली किंचाळल्या, काही जण हसले, भाच्याने माझा हात धरला. आमच्या गटात म्हापशाकडचे एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. ते काही न बोलता बाहेर जाऊन तटाला टेकून उभे राहिले. मी त्यांच्यामागे गेले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "म्हजो मामा हांगा आशिल्लो." माझा मामा इथे होता.

त्यांना मी पुढे काही विचारले नाही. पण घरी गेल्यावर संस्थेला सविस्तर पत्र लिहिले आणि त्यात एकच गोष्ट मागितली: कोठड्यांतला तो आवाज बंद करा. इतर सर्व उणिवा, उशीर, भाषा, गटाचा आकार, या सुधारतील तेव्हा सुधारतील; पण ज्या खोलीत खरी माणसे खरोखर कण्हली असतील त्या खोलीत पैसे घेऊन खोटे कण्हणे वाजवणे हा त्या माणसांचा अवमान आहे, आणि तो एक दिवसही चालू राहता कामा नये. भूतकथेत मेलेल्या माणसाला निदान बोलू दिलेले असते. या ध्वनिमुद्रणात त्याचा फक्त आवाज होता, आणि तोही दुसऱ्याच कोणाचा.

आता दुसऱ्या फेरीविषयी. ध्वनिवर्धक गेलेला होता. कोठड्यांजवळ आल्यावर मार्गदर्शकाने १९९३ हे साल सांगितले, झरोक्यांची उंची दाखवली, स्वातंत्र्यसैनिकांच्या दालनात नेले आणि तिथे बोलणे थांबवून प्रत्येकाला आपापल्या गतीने वाचू दिले. वडील तिथे पंधरा मिनिटे होते. डागडुजीची कथाही या वेळी नीट सांगितली गेली. पडझड होत असलेला हा किल्ला गोवा सरकार, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि हेलन हॅमलिन ट्रस्ट यांच्या सहकार्याने, वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांच्या देखरेखीखाली दुरुस्त झाला आणि २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला. मारियो मिरांडा यांची चित्रे इथे कायमची मांडलेली आहेत. ते स्वतः डिसेंबर २०११ मध्ये वारले, त्यामुळे किल्ला खुला झालेला त्यांना पाहता आला नाही. गोव्यातल्या इगर्जी, बाजार, तावेर्न आणि बोटींमधली माणसे ज्या बारकाईने त्यांनी काढली ती पाहताना, ज्या खोल्यांत इतकी वर्षे माणसे गजाआड होती तिथे आता इतकी हसरी माणसे भिंतीवर बसली आहेत, हे वडिलांनी बोलून दाखवले.

तटावरच्या कथनातही या वेळी फरक होता. समोरच्या गास्पार दियशकडे बोट दाखवून मार्गदर्शकाने १८३५ चे बंड सांगितले. बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह हे गोव्यात जन्मलेले पहिले गोमंतकीय प्रशासक त्या वर्षी जानेवारीत पदावर आले, काही दिवसांतच लष्कराने त्यांना हुसकावले आणि पुढे झालेल्या रक्तपातात गास्पार दियशचा किल्ला जाळला गेला, तिथली शिबंदी कापली गेली. आज त्या जागेवर त्याच नावाचा टेनिस क्लब आहे. मग त्याने पणजीकडे पाहायला सांगितले, कारण १७८७ च्या पिंटोंच्या बंडातील, म्हणजे या किल्ल्यापासून काही किलोमीटरवरच्या कांदोळी गावात शिजलेल्या कटातील, सत्तेचाळीस जणांना अटक झाली आणि त्यांपैकी पंधरा जणांना पुढच्या वर्षी पणजीत क्रूरपणे मृत्युदंड दिला गेला. इतके मृत्यू या तटावरून दिसणाऱ्या पाण्याच्या काठी झाले आणि त्यांपैकी एकाचेही भूत कोणत्याही जाहिरातीत नाही. माझ्या मनात हा विचार आला तेवढ्यात गटातील एका बाईंनी तो मोठ्याने विचारला. मार्गदर्शकाने प्रामाणिकपणे कबूल केले की येणारे लोक दोना पावलाची गोष्ट आधी मागतात.

आणि ती त्याने सांगितली. व्हाइसरॉयच्या घराण्यातील एक तरुणी एका कोळ्याच्या प्रेमात पडली, विरोध झाल्यावर तिने कड्यावरून उडी घेतली, आणि चांदण्या रात्री ती गळ्यात मोत्यांची माळ घालून समुद्रातून वर येताना दिसते, अशी ती कथा गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. मार्गदर्शकाने ती चांगली सांगितली. तिच्यापुढे त्याने जे जोडले ते मात्र मी यापूर्वी कोणत्याही फेरीत ऐकलेले नव्हते. दोना पावला ही खरी स्त्री होती, विवाहित होती आणि तिची समाधीशिळा काबोच्या राजभवनाच्या आवारातील कपेलात (छोट्या प्रार्थनामंदिरात) आहे. तिचा मृत्यू १६८२ चा आहे. कथेतल्या कोळ्याला लोक गास्पार दियश म्हणतात, आणि समोरच्या काठावर ज्या किल्ल्याचे अवशेषही राहिलेले नाहीत त्याचे नावही तेच. किल्ला पुसला गेला आणि त्याचे नाव एका प्रेमकथेत जाऊन राहिले, असा अर्थ मी माझ्यापुरता लावला. तो बरोबर असेलच असा आग्रह नाही, पण दंतकथा ऐकावी तर अशी, तिच्या शिळेसकट आणि तिच्या नावांसकट ऐकावी असे मला वाटते.

इगर्जीकडे उतरणारा भाग फेरीतील सर्वांत सुंदर आहे. रेईश मागुश म्हणजे तीन राजे, बाळ येशूच्या दर्शनाला आलेले गास्पार, मेल्खियोर आणि बाल्ताझार. फ्रान्सिस्कन पाद्रींनी १५५५ मध्ये ही इगर्ज बांधली. पायऱ्यांवरून वर पाहिले की पांढऱ्या दर्शनी भिंतीवर पोर्तुगालचे राजचिन्ह दिसते. १५७०-७१ मध्ये अली आदिलशहाच्या वेढ्यातून गोवा वाचवणारा आणि १५८१ मध्ये गोव्यातच वारलेला व्हाइसरॉय लुईश द आताइद याची समाधीशिळा इगर्जीत आहे. दर वर्षी ६ जानेवारीला इथे फेस्त (इगर्जीचा वार्षिक सण) भरते आणि तीन मुलगे राजांच्या वेशात येतात. फेस्ताच्या दिवसांत फेरी घेतल्यास इगर्जीच्या आत जाण्याचा आग्रह धरू नये, कारण तो गावाचा सण आहे. ही सूचना मार्गदर्शकाने स्वतःहून दिली आणि ती योग्य आहे.

याच ठिकाणी पहिल्या वेळी एक गोष्ट सांगितली गेली होती जिने मला किल्ल्यावरच्या किंकाळीइतकाच त्रास दिला. तीन पोर्तुगीज राजे सत्तेसाठी भांडत होते, एकाने दोघांना जेवणात विष घातले आणि मग लोकांच्या रागाला भिऊन स्वतःही विष घेतले, आणि त्यांचे आत्मे कपेलाभोवती फिरतात, अशी ती गोष्ट. ही मुळात रेईश मागुशची नाहीच. ती सासष्टीकडच्या कुयेलीच्या टेकडीवरील कपेलाविषयी सर्वत्र सांगितली जाते. गोव्यात पोर्तुगालचा कोणताही राजा राहिलेला नाही, तीन तर दूरच. कथेतल्या खलनायकाचे नावही पोर्तुगीज वळणाचे नाही. कुयेलीलाही ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त होते, कुयेली, कांसावली आणि आरोशी या तीन गावांचे तीन मुलगे मुकुट घालून घोड्यांवरून टेकडीवर येतात, आणि ज्याला या फेस्ताची माहिती नाही त्याने 'तीन राजे' हे शब्द ऐकून खुनाची गोष्ट रचली असावी, असा माझा तर्क आहे. त्याचा परिणाम असा झाला की पिढ्यान्‌पिढ्या जिथे लोक नवस बोलतात, मुलाला राजा करण्याचा मान मिळावा म्हणून वाट पाहतात, तिथे रात्री दारूच्या बाटल्या घेऊन भूत शोधणारे तरुण येऊ लागले. नोव्हेंबरमध्ये मार्गदर्शकाने ही कथा सांगितली नाही. मी विचारल्यावर तो म्हणाला, "बाई, तुमचे पत्र मी वाचले होते."

फेरीचा शेवट वेऱ्याच्या नदीकाठी होतो, अंधार पडता पडता. पहिल्या वेळी इथे सगळ्यांना डोळे मिटायला सांगून पावलांचा आवाज येतो का ते ऐकायला लावले होते, आणि एकवीसपैकी बहुतेकांना तो आला. भाच्यालाही आला. त्या रात्री मी त्याला आबे फारियांची गोष्ट सांगितली. फारिया १७५६ मध्ये कांदोळीला, म्हणजे त्या काठापासून चालत जाता येईल इतक्या जवळ जन्मले, पाद्री झाले, पॅरिसला गेले आणि १८१३ मध्ये त्यांनी तिथे संमोहनाचे जाहीर प्रयोग केले. निद्रा आणणारी शक्ती प्रयोग करणाऱ्याच्या हातात किंवा कुठल्या अदृश्य द्रवात नसून झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात असते, ही त्यांची मांडणी त्या काळी फार थोड्यांनी स्वीकारली. पणजीत आदिलशाही राजवाड्याच्या बाजूला त्यांचा पुतळा आहे, हात पुढे केलेला, समोर कोसळणारी स्त्री. तो पुतळा ज्या माणसाचा आहे त्याचे नावही ही फेरी घेत नाही. कांदोळीच्या शेजारी उभे राहून लोकांना पावले ऐकू यायला लावायची आणि फारियांचा उल्लेख करायचा नाही, ही उणीव नोव्हेंबरमध्येही कायम होती आणि ती भरून काढावी अशी माझी संस्थेला विनंती आहे.

दुसरी कायम राहिलेली उणीव अधिक नाजूक आहे. नदीकाठी मार्गदर्शकाने देवचाराची गोष्ट सांगितली आणि तिची मांडणी भूत म्हणून केली. घोंगडी पांघरलेला, हातात काठी आणि दिवटी घेतलेला एक पुरुष रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, ही प्रतिमा त्याने अचूक दिली. पण तो कोणालाही पछाडतो, असे म्हणून तो थांबला. वडिलांना ते सहन झाले नाही. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि सहसा अनोळखी लोकांत बोलत नाहीत. त्यांनी त्या तरुणाला जवळ बसवून सांगितले की देवचार हा भूत नव्हे, तो राखणदार आहे. गावाची शीव तो राखतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, आणि ज्याने त्याच्या वाटेत घाण केली किंवा त्याचा मान मोडला त्यालाच त्याची भीती बाळगावी लागते. त्याला रोट देतात, विडी देतात, सोरो (दारू) देतात. आमोण्याच्या वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण रात्रभर गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात. सकाळी त्या झिजलेल्या दिसतात अशी श्रद्धा आहे. ज्याच्यासाठी लोक नव्या वहाणा करून आणतात त्याला पछाडणारा म्हणणे म्हणजे आपल्याच घराच्या पहारेकऱ्याला चोर म्हणण्यासारखे आहे, असे वडील म्हणाले. गाऱ्हाणे घालताना गावकार सगळ्यांच्या आधी ज्यांना हाक मारतो त्यांत राखणदार असतो आणि जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात, हे त्यांनी त्याच स्वरात म्हणून दाखवले. फेरीला आलेले लोक, पुण्याचे एक जोडपे धरून, जागचे हलले नाहीत.

बाराशे रुपयांत मला त्या संध्याकाळी जे मिळाले त्याचा सर्वांत मोलाचा भाग माझ्या वडिलांनी दिला, हे खरे आहे. पण त्यांना बोलू देणारी, मध्ये न तोडणारी आणि वही काढून लिहून घेणारी व्यक्ती तो मार्गदर्शकच होता, त्यामुळे श्रेय त्यालाही जाते. अशा फेऱ्या घेणाऱ्या संस्थांनी आसपासच्या गावांतील वयस्क माणसांना मानधन देऊन शेवटच्या अर्ध्या तासासाठी बोलवावे, असे मी संस्थेला पुन्हा लिहिले आहे. वेऱ्यात आणि नेरूलला अशी माणसे आजही आहेत, आणि ज्या किल्ल्याच्या सावलीत ती वाढली त्याविषयीचे त्यांचे शब्द लिहून ठेवलेले नाहीत.

जाणाऱ्यांसाठी थोडे. पावसाळ्यात जांभ्या चिऱ्यांवर शेवाळ येते आणि किल्ल्याची चढण निसरडी होते, म्हणून ऑक्टोबरनंतर जावे. गुडघे दुखणाऱ्यांनी इगर्जीच्या पायऱ्यांचा विचार करून यावे. वडिलांना दोनदा बसावे लागले आणि गट थांबला, ही चांगली गोष्ट आहे, पण बसायला सोय कमी आहे. पाणी सोबत असावे. नोंदणी करताना मराठी गट आहे का हे स्पष्ट विचारावे आणि लेखी घ्यावे. दहा वर्षांखालील मुलांना आणायला हरकत नाही, कारण ध्वनिवर्धक आता नाही. तो पुन्हा दिसला तर कृपया तिथल्या तिथे आक्षेप घ्यावा. सहा जानेवारीच्या आठवड्यात फेरी घेऊ नये, त्याऐवजी फेस्ताला जावे.

निघताना मार्गदर्शकाने वडिलांना साळच्या गड्यांविषयी, म्हणजे तिथल्या होळीच्या उत्सवात धावणाऱ्या पुरुषांविषयी, विचारले. होळीच्या पौर्णिमेपासून तीन रात्री डिचोलीतल्या त्या गावात गडे देवचाराच्या उजेडामागे डोंगराकडे धावतात, काही जण अंधारात नाहीसे होतात आणि मग त्यांना परत आणले जाते, हे त्याने ऐकले होते, पण पाहिले नव्हते. बेतीच्या धक्क्यावर फेरीबोट लागेपर्यंत वडील त्याला तिथला रस्ता समजावत होते, आणि रात्री मुक्कामाला आमच्याच घरी ये, असे त्यांनी त्याला बजावले आहे.